समुद्र नसलेलं बेट

शिरूर तालुक्यात ‘बेट भाग’ आहे, दौंड तालुक्यात ‘राहू बेट’. समुद्र मात्र पार घाटाखाली. पुस्तकातली व्याख्या लावली तर दोन्ही नापास, कारण चारही बाजूंना पाणी नाही. शिरूरचं बेट घोड आणि कुकडीच्या मधलं. राहूचं भीमा आणि मुळा-मुठेच्या बेचक्यातलं, या नद्या पुढे रांजणगाव सांडसजवळ मिळतात.

मी कोड लिहितो. एका नावाचे दोन अर्थ मला खुपतात. पण संस्कृत ‘द्वीप’ फोडून बघा: द्वि + अप्, दोन बाजूंना पाणी. त्यातल्या ‘अप्’चा ‘ईप्’ कसा होतो, याचं सूत्र पाणिनीनं दिलंय. फारसी ‘दोआब’ म्हणजेही दोन पाणी. पंजाबात सतलजकाठच्या पूरपट्ट्याला ‘बेट’च म्हणतात. म्हणजे गावकऱ्यांचा अर्थ पुस्तकापेक्षा मुळाच्या जवळचा.

मराठीत बांबूच्या दाट पुंजक्यालाही बेट म्हणतात. शिरूरच्या बेटात आता तशीच दाटी उसाची आहे. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि त्यात बिबट्याची मादी पिल्लं घालू लागली. शहरातला मित्र बातमी वाचून विचारतो, “बेटावर बिबट्या गेला कसा, पोहत?” तिथल्या घरात प्रश्न वेगळा असतो: लाईट रात्रीची आहे, मोटर चालू करायला कोण जाणार?