विश्रामपूर : परक्या मुलखातील म्हातारपण

हीरक महोत्सवाच्या या अंकासाठी शाळेच्या इतिहासावर लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. तो इतिहास अन्य मान्यवरांनी लिहिलाच आहे. मी इतिहासाची शिक्षिका. म्हणून आपल्या परिसरातील, पण आपल्या घरांत फारशा न बोलल्या जाणाऱ्या एका प्रकरणाकडे वळते. निमित्त मात्र शाळेतूनच मिळाले. दोन-तीन वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याचे आईवडील भेटायला आले होते. मुलगा न्यू जर्सीला. हे दोघे सहा महिने तिकडे राहून परतले होते. काकू म्हणाल्या, "बाई, तिथे सगळे आहे हो, पण दुपार सरता सरत नाही." त्या रात्री मला ऑस्कर लोर आठवले. तेही न्यू जर्सीहून निघाले होते. त्यांची वाट मात्र उलटी होती. ते तिथून इकडे, रायपूरला आले, आणि पुढची एकोणचाळीस वर्षे इथलेच झाले.

विश्रामपूर म्हटले की रायपूरकरांना सरगुजा भागातील कोळशाच्या खाणी आठवतात. ते गाव वेगळे. हे विश्रामपूर रायपूरच्या उत्तरेला, आजच्या बलौदाबाजार-भाटापारा जिल्ह्यात आहे. इथली माणसे त्याला बिश्रामपूर म्हणतात.

लोर यांचा जन्म १८२४ चा, जर्मनीतील सायलेशिया प्रांतातला. तरुणपणी गॉसनर मिशनतर्फे ते रांचीला आले आणि छोटानागपूरच्या आदिवासींमध्ये काम करू लागले. १८५७ च्या उठावात रांचीचे मिशन उधळले गेले. जीव वाचवून बाहेर पडलेल्या लोर यांनी अमेरिका गाठली आणि तिथल्या जर्मन भाषक वस्तीत धर्मोपदेशक म्हणून संसार थाटला. गोष्ट इथेच संपली असती. पण १८६५ साली अमेरिकेतील जर्मन मंडळींनी हिंदुस्थानासाठी एक मिशन संस्था स्थापन केली, आणि पाठवायचे कोणाला, हा प्रश्न उभा राहिला. हिंदुस्थान पाहिलेला, तिथली भाषा जाणणारा, तिथले उन्हाळे सोसलेला माणूस त्यांच्यासमोर एकच होता. वय चाळिशी ओलांडलेले, पदरी बायकोमुले. एकदा ज्या देशातून पळावे लागले, त्याच देशात पुन्हा जायचे!

आज चव्वेचाळीस हे काही म्हातारपणाचे वय नव्हे. मी स्वतः ते केव्हाच मागे टाकले आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात, आणि तेही मध्य हिंदुस्थानातील हिवताप, पटकी यांच्या मुलखात, त्या वयात नवी सुरुवात करणारा माणूस उतरणीलाच लागला आहे असे लोक धरत. तरुण मिशनरी येत. काही वर्षांत काही दगावत, काही परत जात. लोर आले ते ऐन उमेदीची वर्षे खर्ची घालून.

१८६७ च्या अखेरीस निघालेले हे कुटुंब १८६८ मध्ये इथे पोहोचले. सुएझचा कालवा तेव्हा खुला झालेला नव्हता; तो खुला व्हायला अजून वर्षभर होते. मुंबईहून नागपूरपर्यंतची आगगाडी नुकतीच, १८६७ मध्ये सुरू झाली होती. नागपूरच्या पुढे मात्र रूळ नव्हते. रायपूरला रेल्वे यायला अजून दोन दशके होती. म्हणजे नागपूर ते रायपूर, आज आपण पाच-सहा तासांत उरकतो तो प्रवास, बैलगाडीने, मुक्काम करत करत. या वाटेने मुलाबाळांना घेऊन निघालेल्या त्या माउलीच्या मनात काय असेल, याचा विचार मी अनेकदा करते. मिशनच्या इतिहासात पतीच्या नावाने पाने भरतात; स्वयंपाक, आजारपण, बाळंतपणे आणि घराकडून येणाऱ्या पत्राची वाट हे सारे जिने सांभाळले, ती त्या पानांच्या कडेला उभी असते.

पत्राचा विषय निघालाच आहे, तर थोडे सांगते. त्या काळी युरोपची टपाल इजिप्तमधून जमिनीच्या वाटेने नेऊन पुन्हा जहाजावर चढवत. अमेरिकेला त्याहून उशीर. पत्र लिहिले, ते पोहोचले, उत्तर आले, यात ऋतू पालटे. १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेने मुंबई थेट इंग्लंडशी जोडली गेली खरी. पण तारेचा दर असा की ती सरकारने आणि कापूस व्यापाऱ्यांनीच वापरावी. घरच्या मृत्यूची वार्ता हाती पडे तेव्हा तिकडे दिवसकार्य होऊन महिने लोटलेले असत.

नागपूरच्या स्कॉटिश मिशनचे कूपर यांच्या सांगण्यावरून लोर यांनी सतनामी समाजात काम करायचे ठरवले. गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी 'सतनाम'चा घोष करत मूर्तिपूजा आणि जातीची उतरंड नाकारणारा जो पंथ उभा केला, तो आपल्या छत्तीसगडच्या इतिहासातील फार मोठी घटना आहे. लोर यांना वाटले, मूर्ती न मानणारा, एकच सत्य मानणारा हा समाज आपला उपदेश सहज स्वीकारील. भंडार या सतनामी गुरुपीठाच्या मेळ्याला ते गेले, तेव्हा त्यांचे चांगले स्वागतही झाले. अमेरिकेला उत्साहाची पत्रे गेली. सगळा समाज एका लाटेत येणार, अशी आशा धरली गेली.

तसे घडले नाही. गुरू घासीदासांचे पुत्र बालकदास यांनी आपल्या अनुयायांना जानवे घालण्यास सांगितले होते. ज्या समाजाला वरच्या जातींनी शतकानुशतके दूर ठेवले, त्याच्या लेखी त्या सुताचे मोल काय असेल, हे सांगायला नको. बालकदासांची हत्या होऊन फार वर्षे झालेली नव्हती. बाप्तिस्मा घेताना ते जानवे काढायचे की ठेवायचे, या प्रश्नाशी गाडे अडले. लोक दुरावले. माझ्या मते लोर यांची चूक इथे होती. स्वतःचा पंथ शोधून काढणाऱ्या माणसांना 'अर्ध्या वाटेवर आलेले' समजणे, हा पाहुण्याचा गैरसमज होता. सतनामी समाज आपल्या गुरूंपाशी राहिला, आणि आजही १८ डिसेंबरला राज्यभर जैतखांबापाशी त्याची साक्ष मिळते.

एवढा अपेक्षाभंग झाल्यावर पन्नाशीकडे झुकलेला माणूस बोटीचे तिकीट काढता, तर कोणी दोष दिला नसता. लोर यांनी त्याऐवजी गाव वसवण्यात आयुष्य घातले. सरकारकडून दीड हजार एकरांच्या आसपास पडीक जमीन घेऊन तिथे विश्रामपूर, म्हणजे विसाव्याचे गाव उभे केले होते. मिशन हे त्या गावाचे मालगुजार. लोकांना जमिनी दिल्या, शाळा काढली, औषधपाणी सुरू केले; १८७४ मध्ये इम्मानुएल चर्च उभे राहिले. गावाला नियमही घालून दिले, आणि ते कडक होते. मालगुजार, पाद्री आणि पंच ही तिन्ही पागोटी एकाच डोक्यावर असली की दयेलाही हुकमाची धार येते. गावकऱ्यांनीही सगळेच ऐकले असे नाही. लग्नसंबंधांत आणि खाण्यापिण्यात जुने जातीचे नियम त्यांनी नव्या धर्मातही चालवले आणि साहेबांना त्यावर पुष्कळदा नमते घ्यावे लागले.

मग १८९६-९७ चा आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. आपल्याकडे म्हातारी माणसे ज्याला 'छप्पनचा अकाल' म्हणत, तो हा दुसरा. संवत् १९५६ चा. मिशनच्या आवारात अनाथ मुले, विधवा, उपाशी कुटुंबे येऊन पडली, आणि ख्रिस्ती झालेल्यांची संख्या वाढली ती मुख्यतः याच काळात. पोटासाठी धर्म बदलला, असे कोणी म्हणते. भुकेल्याला ज्याने अन्न दिले त्याचा देव जवळचा वाटला, असेही कोणी म्हणते. त्या वादाचा निवाडा या लेखात मी करणार नाही. ज्या मुलांना त्या वर्षी पेज मिळाली ती जगली, एवढे मात्र शिक्षिका म्हणून मला विसरता येत नाही.

लोर तेव्हा सत्तरी पार केलेले. मुलगा ज्यूलियस वडिलांच्याच कामात शिरला होता. इतर मिशनरी कुटुंबांच्या वाट्याला जी ताटातूट येई, ती या एका बाबतीत तरी टळली. ताटातूट म्हणजे कशी? मुले सहा-सात वर्षांची झाली की त्यांना मसुरीच्या वुडस्टॉकसारख्या डोंगरावरच्या शाळेत किंवा थेट मायदेशी नातलगांकडे धाडत. आईबाप मध्य प्रांतात, मुले सातासमुद्रापार. पुन्हा भेट होई तेव्हा मुलांची उंची आईच्या खांद्याच्या वर गेलेली असे.

१९०७ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, ऑस्कर लोर छत्तीसगडच्या मातीत मिळाले. सायलेशिया सोडून तोवर अर्धशतक उलटून गेले होते.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवावेसे वाटते. चांप्याला अमेरिकन मेनोनाइट पंथाचे पेन्नर १९०१ च्या सुमारास आले आणि १९०२ मध्ये त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी बेथेस्डा आश्रम उघडला. चाळीस वर्षे तिथे काढून, सत्तराव्या वर्षी, १९४१ मध्ये ते अमेरिकेला परतले. तरुणपणी सोडलेला देश सत्तरीत पुन्हा 'घर' म्हणून समजून घ्यायचा! मुलांकडे परदेशी गेलेल्या आपल्या पालकांना हे मी अधिक सांगायला नको.

आणि एक धागा आपल्या मराठी माणसांपर्यंत येतो. रेल्वेत नोकरी केलेले सदाशिवराव कात्रे यांना कुष्ठरोग जडला. पत्नी निवर्तलेली, पदरी एक मुलगी. उपचारांसाठी ते बैतलपूरच्या मिशन रुग्णालयात राहिले. तिथली सेवा त्यांनी पाहिली, तिथला धर्मप्रचार त्यांना रुचला नाही, आणि या दोन्ही गोष्टी मनात धरून १९६२ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, चांप्याजवळ सोठी येथे त्यांनी भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. पुढे अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट त्यांना येऊन मिळाले. कात्र्यांच्या पश्चात काम त्यांनीच वाहिले. बापटांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बिलासपूरला ते गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना देण्यात आला.