व्यसनाची विचारपूस : कोणी केली, कशासाठी केली

‘तू पितोस काय?’ हा प्रश्न आपल्याकडे दवाखान्याबाहेर फार जुना आहे. निजामी राजवटीत आबकारी हे उत्पन्नाचे मोठे खाते. पिण्याची मोजदाद महसुलासाठी. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पुढे १९४९ चा दारूबंदी कायदाही इकडे आला आणि तोच प्रश्न फौजदार विचारू लागला. कारखान्यात १९४६ च्या कायद्याखालचे नमुना स्थायी आदेश होते. त्यांत कामावर नशेत असणे ही गैरवर्तणूक. खरे बोलणारा एक तर कोठडीत, नाही तर घरी! मग आमचा कामगार खोटे बोलतो म्हणून नाके मुरडण्यात काय अर्थ?

वेगळ्या हेतूने विचारणारेही झाले. १९२२ साली मुंबईत डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली. या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. तीच ती बाळगोळी. आई दुष्ट नव्हती. ती साच्यावर उभी असताना मूल निजून राहावे, एवढीच तिची गरज. प्रश्न खोलीत जाऊन विचारला, म्हणून दोष गिरणीच्या तासांपर्यंत पोहोचला. मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला तो १९२९ साली.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये दारूविषयी दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ नावाची यादी काढली. किती वेळा, किती, सकाळी उठताच लागते काय, घरच्यांनी काळजी बोलून दाखवली काय. प्रत्येकी शून्य ते चार गुण, आठ झाले की सावध व्हावे. विचारायला डॉक्टरच लागतो असे नाही. गोव्यात हीच यादी घेऊन कारखान्यांतील सुमारे हजार पुरुषांना विचारले. २००३ साली निष्कर्ष छापून आला : पाचांत एकाचे पिणे धोक्याचे.

नांदेडची उस्मानशाही मिल आता बंद आहे. आज विचारायचे ते लातूरच्या मोंढ्यातल्या हमालाला, डाळमिलीतल्या मजुराला. तिथे यादीतला ‘एक पेला’ चालत नाही. आमची माणसे ‘नव्वद’ आणि ‘क्वार्टर’ मोजतात, देगलूर-बिलोलीकडे शिंदी, आणि तंबाखूला तर कोणी व्यसनच म्हणत नाही. प्रश्न त्याच मापांत विचारावेत, आणि हप्त्याच्या दिवशी नव्हे, कारण त्या दिवशी मुकादम शेजारी उभा असतो. उत्तराचा कागद मालकाच्या कचेरीत जाता कामा नये. तो भरणाऱ्याच्याच खिशात राहावा, सोबत उपचार कुठे मिळतील तो पत्ता लिहून.