प्लेगची टोंचणी आणि लोकांची संमति

आषाढ लागला म्हणजे करवीर नगरींत पंचगंगेच्या नव्या पाण्याच्या घागरी वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीकडे जाऊं लागतात. गांवावर रोगराई येऊं नये, ही प्रार्थना त्या वेळीं अनेकांच्या मनांत असते. महामारीची देवता म्हणून मरगाईचें नांवहि या भागांत घरोघरीं ठाऊक आहे. सुशिक्षित मनुष्य या सर्वांस भाबडेपणा म्हणून बाजूस सारतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें तसें करूं नये. रोग कोठून येतो, कोणास गांठतो आणि त्यापासून वांचण्यासाठीं काय करावें, याविषयीं प्रत्येक समाजाची स्वतःची कांहीं समजूत असते. बाहेरून येणारा वैद्य कोऱ्या पाटीवर लिहीत नसतो. हा विचार सुटला म्हणजे काय घडतें, हें सुमारें सव्वाशें वर्षांपूर्वींच्या प्लेगनें महाराष्ट्रास फार महाग दरानें शिकविलें.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं हा रोग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला आणि घरांत शिरणें, माणसास अडविणें, त्याला उचलून नेणें हे अधिकार सरकारच्या हातीं आले. पुण्यांत रँड यांच्या अमलाखालीं गोऱ्या शिपायांनीं घरांच्या झडत्या घेतल्या. त्या झडत्यांचा शेवट २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळीबारांत झाला, हें सर्वांस माहीत आहे. त्याच शहरांत, त्याच वर्षीं, १० मार्च रोजीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले निवर्तल्या, याचें स्मरणहि सोबत ठेवावें. रोग एकच होता. रोग्याकडे जाण्याची रीत मात्र वेगळी होती.

करवीरची स्थिति थोडी निराळी. १८९४ मध्यें राज्यसूत्रें हातीं घेतलेल्या शाहू छत्रपतींवर १८९६–९७ चा दुष्काळ आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग अशीं दोन अरिष्टें ओढवलीं, तेव्हां त्यांचें वय पंचविशीच्या आंतबाहेर होतें. येथें राजा आपला होता आणि त्याला प्रजेचा कळवळा होता. परंतु एवढ्यानें मूळ प्रश्न सुटत नाहीं. राजा परका असला म्हणजे सक्ति अधिक बोंचते, हें खरें; तथापि राजा आपला आहे एवढ्यावरून प्रजेची संमति मिळाली, असा अर्थ होत नाहीं. संमति ही ज्याच्या देहाला हात लागावयाचा त्याच्याकडूनच यावी लागते.

त्या काळच्या अधिकाऱ्यांस लोकांचा विरोध म्हणजे निव्वळ अज्ञान वाटे. वस्तुतः तो एक हिशेब होता. एका बाजूस रोगाचें भय. दुसऱ्या बाजूस आप्तांपासून ताटातूट, परक्या हातचें अन्न, घरच्या स्त्रियांची परपुरुषाकडून तपासणी, आणि जाळला जाणारा संसार. इस्पितळांत गेलेला मनुष्य परत येतांना फारसा कोणी पाहिला नव्हता. मग रोगी लपविला गेला तर नवल काय? १९५० नंतर अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यांतील हॉकबॉम, रोझेनस्टॉक आदि मानसशास्त्रज्ञांनीं, क्षयाची तपासणी फुकट असूनहि लोक तीकडे कां फिरकत नाहींत, याचा शोध घेतला. मनुष्य आपणांस असलेला धोका, त्याची तीव्रता, उपायाचा लाभ आणि उपायाच्या आड येणाऱ्या अडचणी यांचें माप मनांत घेऊन वागतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. तो पुण्यामुंबईच्या वाड्यांना आणि चाळींना तंतोतंत लागू पडतो.

शिवाय लोकांच्या समजुतींत ज्ञानहि होतें. घरांत उंदीर मरून पडूं लागले कीं घर सोडावें आणि माळावर झोपड्या घालून राहावें, ही रीत खेडोपाडीं रूढ झाली होती. १८९८ मध्यें कराचीस फ्रेंच शास्त्रज्ञ सिमाँ यांनीं उंदरावरील पिसवांमार्फत रोग पसरतो असें दाखविलें, तरी सरकारी प्लेग कमिशननें तें मानलें नाहीं. १९०५ नंतरच्या चौकशींत तें निर्विवाद ठरलें. झोपडींत जाणाऱ्या कुणब्यास पिसूची कथा ठाऊक नव्हती. पण त्याची कृति बरोबर होती. त्याला विचारलें असतें, तर शास्त्राचींहि कांहीं वर्षें वांचलीं असतीं.

आतां टोंचणीकडे वळूं. हाफकिन यांनीं मुंबईंत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. या माणसाच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत रोग शिरला, तेव्हां सुमारें दीडशें कैदी टोंचून घेण्यास आपण होऊन पुढें आले आणि उरलेल्यांशीं त्यांची तुलना करण्यांत आली. परंतु बंदिवानाची स्वेच्छा ती कितपत स्वेच्छा? पुढच्या वर्षीं बडोदें संस्थानांतील उंढेरा गांवीं याहून कसून परीक्षा झाली. एकेका कुटुंबांतील कांहींना टोंचावयाचें आणि कांहींना तसेंच ठेवावयाचें, अशी योजना होती. रोग शिरलेल्या घरांतील टोंचलेल्या ७१ जणांपैकीं ८ जणांस प्लेग झाला व ३ दगावले. न टोंचलेल्या ६४ जणांपैकीं २७ जणांस झाला व २६ दगावले.

लसीचा गुण याहून स्पष्टपणें सिद्ध होणें कठीण. तो गुण तेव्हां वादग्रस्त होता आणि तुलनेवांचून वाद मिटण्यासारखा नव्हता, हें मान्य केलें पाहिजे. आजहि औषधाची परीक्षा दोन गट करूनच होते. पण ते २६ जीव केवळ आंकडा नव्हेत. एकाच चुलीभोंवतीं बसणाऱ्यांपैकीं तीं माणसें होतीं. आपण कोणत्या परीक्षेंत उभे आहोंत हें त्यांस कळावयास हवें होतें, आणि नको म्हणण्याची मोकळीक हवी होती. १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुलकोवाल येथें एकाच बाटलींतील लस टोंचलेले १९ जण धनुर्वातानें मेले. हाफकिन यांच्यावर दोष आला आणि १९०७ मध्यें ते त्यांतून मुक्त झाले. तथापि टोंचणीला भिणारा खेडूत अगदींच वेडा नव्हता, हेंहि त्या दुर्घटनेनें सिद्ध झालें.

सक्तीचा मार्ग सरकारलाच सोडावा लागला. मार्च १८९८ मध्यें मुंबईंत आणि एप्रिल १९०० मध्यें कानपुरांत दंगे झाले, आणि हळूहळू कठोर नियम सैल पडले. संशोधनांत मनुष्याची स्वेच्छ संमति अनिवार्य आहे, हें तत्त्व १९४७ मध्यें न्यूरेंबर्गच्या न्यायालयानें नाझी वैद्यांच्या अपराधांचा निवाडा करतांना स्पष्ट शब्दांत मांडलें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना आणि २०१९ चे औषधचांचणीचे नियम यांनीं नीतिसमितीची मान्यता व माहितीपूर्वक संमति आवश्यक ठरविली आहे.

तरीहि एक भय उरतेंच. संमति म्हणजे कागदावरचा अंगठा, अशी समजूत रुळली तर नियम असूनहि आपण १८९७ मध्येंच आहोंत. शाहू छत्रपतींचें नांव धारण करणारें वैद्यकीय महाविद्यालय आज कोल्हापुरांत आहे. तेथून किंवा अन्य कोठूनहि जो अभ्यासक गल्लीबोळांत प्रश्नावली घेऊन जाईल, त्यानें संमति हा अभ्यासाच्या आधींचा उपचार न मानतां अभ्यासाचाच भाग मानावा. ज्याला नकार देतां येतो त्याचाच होकार विश्वसनीय असतो; आणि धाकानें दिलेल्या उत्तरांवर उभारलेलें शास्त्र दिसावयास कितीहि भरभक्कम असलें, तरी त्याचा पाया लोकांच्या मौनावर रचलेला असतो.