बोल्झानो : दोन भाषांत नांदणारे आल्प्समधील शहर

इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रियाकडे जाणाऱ्या ब्रेनर खिंडीच्या वाटेवर बोल्झानो हे शहर वसले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची जेमतेम २६२ मीटर आहे. सभोवती द्राक्षमळ्यांचे उतार असून त्यांच्या मागे डोलोमाइट पर्वताची शिखरे दिसतात. लोकसंख्या लाखाच्या थोडी वर आहे. रेल्वे स्थानकावर उतरताच शहराची दोन नावे वाचायला मिळतात : इटालियन ‘बोल्झानो’ आणि जर्मन ‘बोत्सेन’. रस्त्यांच्या पाट्या, सरकारी अर्ज, न्यायालयाचे कामकाज असा सारा व्यवहार या दोन्ही भाषांत चालतो. पाहुण्याला त्याचे कौतुक वाटते. स्थानिकांनी मात्र या व्यवस्थेची मोठी किंमत मोजलेली आहे.

पहिल्या महायुद्धापर्यंत हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील टिरोलचा भाग होता आणि शहर मुख्यतः जर्मनभाषक होते. १९१९ च्या सॅं-जर्मेन तहाने दक्षिण टिरोल इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या राजवटीत जर्मन शाळा बंद करण्यात आल्या, गावे आणि नद्यांची जर्मन नावे पुसण्यात आली. मुलांना घराघरांत चोरून जर्मन शिकवले जाऊ लागले. या वर्गांना ‘भुयारी शाळा’ असे नाव पडले. पुढे शहरालगत औद्योगिक वसाहत उभारून इटलीच्या अन्य भागांतून हजारो कामगार आणण्यात आले. टाल्फर नदीच्या पूर्वेला कमानींचे जुने शहर आणि पश्चिमेला रुंद रस्त्यांची इटालियन वस्ती, ही विभागणी तेव्हाची आहे.

१९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी येथील जर्मनभाषकांपुढे दोन पर्याय ठेवले : जर्मन राइखमध्ये स्थलांतर करावे, किंवा इटलीत राहून आपल्या भाषेवर पाणी सोडावे. ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी स्थलांतराच्या बाजूने कौल दिला. युद्धामुळे प्रत्यक्षात सुमारे ७५ हजार लोकच गेले. पण ‘जाणारे’ आणि ‘राहणारे’ या भेदाने घराघरांत पडलेली फूट दीर्घकाळ टिकली.

युद्धानंतर, १९४६ मध्ये, इटली आणि ऑस्ट्रिया यांच्यात पॅरिस येथे करार झाला. १९४८ मध्ये स्वायत्तता मिळाली खरी. परंतु इटालियन बहुसंख्या असलेल्या शेजारच्या त्रेंतोशी जोडल्यामुळे जर्मनभाषकांचे समाधान झाले नाही. ऑस्ट्रियाने १९६० मध्ये हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. जून १९६१ मध्ये एकाच रात्री विजेचे अनेक मनोरे स्फोटांनी पाडण्यात आले. अखेर १९७२ च्या दुसऱ्या स्वायत्तता कायद्याने बहुतेक अधिकार प्रांताकडे आले आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने वाद संपल्याचे संयुक्त राष्ट्रांना कळवले. तिबेटच्या प्रश्नासंदर्भात दलाई लामांनीही या नमुन्यात रस दाखवला आहे.

या कायद्याचा गाभा शिरगणतीत आहे. सरकारी नोकऱ्या भाषिक गटांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात. त्यासाठी उमेदवाराला आपण जर्मन, इटालियन की लाडिन (डोलोमाइट खोऱ्यांतील प्राचीन रोमान्स भाषा) गटाचे, हे जाहीर करावे लागते. शिवाय दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते. २०११ च्या गणनेनुसार प्रांतात जर्मनभाषक सुमारे ६९ टक्के होते, तर बोल्झानो शहरात इटालियनभाषक जवळपास ७४ टक्के. प्रांतातील अल्पसंख्य राजधानीत बहुसंख्य आहेत. त्यामुळे आपण डावलले जात आहोत ही भावना दोन्हीकडे आढळते.

तिचे प्रतिबिंब वास्तूंत दिसते. नदीपलीकडील पुलाशी मुसोलिनीच्या काळात, १९२८ मध्ये, उभारलेले विजयस्मारक आहे. पलीकडच्यांना भाषा, कायदे आणि कला आम्हीच दिल्या, असा दर्प त्यावरील लॅटिन लेखात आहे. नगरपालिकेने तेथील चौकाला ‘शांतता चौक’ हे नाव दिले. २००२ च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी ‘विजय चौक’ हेच नाव परत आणले. स्मारक पाडावे की जपावे, हा वाद अनेक वर्षे चालला. २०१४ मध्ये त्याच्या तळघरात त्या काळाचा इतिहास मांडणारे कायमस्वरूपी प्रदर्शन उघडण्यात आले. जुन्या फॅसिस्ट कार्यालयावर घोडेस्वार मुसोलिनीचे भव्य शिल्प आहे. त्यावर २०१७ पासून, आज्ञापालनाचा हक्क कोणालाही नाही, या आशयाचे हॅना आरेंट यांचे वचन तीन भाषांत उजळते. पुसून टाकण्यापेक्षा हा मार्ग अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

बहुतेक पर्यटक येतात ते सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्सी’ या हिममानवासाठी. १९९१ मध्ये हिमनदीत सापडलेला हा देह येथील पुरातत्त्व संग्रहालयात उणे ६ अंश तापमानात जतन केला असून छोट्या खिडकीतून पाहता येतो. तो सीमेपासून शंभर मीटरही आत नव्हता. मोजणीअंती इटलीचा ठरला.

शाळा मात्र आजही वेगळ्या आहेत. जर्मन आणि इटालियन मुलांना आपापल्या भाषेत शिक्षणाचा हक्क आहे. दुसरी भाषा सक्तीची असली तरी वर्ग एकत्र भरत नाहीत. दोन्ही भाषा याव्यात म्हणून अनेक इटालियन पालक मुलांना जर्मन शाळेत घालतात. स्थलांतरितांच्या मुलांचीही त्यात भर पडली आहे. २०२४ मध्ये शहरातील एका जर्मन प्राथमिक शाळेने, जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी वेगळा वर्ग योजला. त्यावर देशभर टीका झाली आणि तो वर्ग रद्द करावा लागला.