भाडेकरारातलं एक पान

मागच्या वर्षी आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. तिचं भाड्याचं घर जुनं, लाकडी. भाडेकराराच्या जाडजूड कागदांत एक पान वेगळंच दिसलं. या घरात शिसं असलेला रंग आहे, हे मालकाला माहीत आहे का? उत्तरापुढे खूण, खाली दोघांच्या सह्या आणि सोबत एक माहितीपुस्तिका. आपल्याकडे भाड्याने घर देताना रंगाची अशी चौकशी कोण करतं? म्हणून या पानामागचा इतिहास शोधला.

रंग टिकावा, लवकर वाळावा म्हणून त्यात शिशाची संयुगं घालत. पुढे त्याच रंगाचे पोपडे सुटतात, दारं-खिडक्या घासून धूळ पडते. रांगणारं मूल तेच हात तोंडात घालतं. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि झालेलं नुकसान सहसा भरून येत नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी 1904 मध्येच मुलांच्या आजाराचा माग काढत व्हरांड्याच्या कठड्यांवरचा रंग गाठला होता.

अमेरिकेत बाल्टिमोर शहराने 1951 मध्ये घरांच्या आत असा रंग लावायला बंदी केली. देशभर बंदी यायला 1978 साल उजाडलं. पण भिंतींवर आधीच बसलेल्या रंगाचं काय? त्यासाठी 1992 चा कायदा झाला आणि 1996 पासून नियम लागू झाले. 1978 पूर्वीचं घर भाड्याने देताना मालकाने सही होण्याआधी स्वतःला असलेली माहिती आणि तपासणीचे अहवाल भाडेकरूला द्यायचे, सह्यांची प्रत तीन वर्षं जपायची.

यात एक मेख आहे. हा कायदा मालकाला तपासणी करायला लावत नाही. ‘माहीत नाही’ यापुढे खूण केली की तो मोकळा! मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्याने मात्र सहा वर्षांखालचं मूल राहत असलेल्या घरातला धोका दूर करणं मालकावर बंधनकारक केलं.

आता आपल्याकडे वळू. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग, आणि ती लागू झाली 1 नोव्हेंबर 2017 पासून. आपली इमारत त्याच्या आधीची. मागच्या रंगकामात जिन्याचे कठडे कोरडेच घासले गेले, खाली पोरं खेळत होती. फळ्यावर नोटीस होती, ‘रंग ओला आहे, हात लावू नये’. कमिटीत असताना ती मीच लिहिली होती. धुळीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं.

रौप्यमहोत्सवानिमित्त पुन्हा रंगकाम निघणार आहे. या वेळी आधी जुन्या रंगाची तपासणी करून घेऊ. घासकाम पाणी मारूनच होऊ दे, मुलांना लांब ठेवू. आणि तपासणीत जे निघेल ते फळ्यावर लावू, सभासदांसाठी तसंच भाडेकरूंसाठीही. त्यांची मुलंही याच जिन्यात खेळतात.