फिल्मकडून डिजिटलकडे : जुन्या लेन्स, जुने फ्लॅश आणि ग्रामीण छायाचित्रण व्यवसायातील स्थित्यंतर (गडब-पेण परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

छायाचित्रणाचा इतिहास बहुधा शोधांच्या क्रमाने सांगितला जातो. १८३९ मध्ये दागेरोटाइप जाहीर झाला, १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा बाजारात आला, १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला, असा हा क्रम आहे. अशा मांडणीत प्रत्येक नवे साधन जुन्यास निकालात काढते, असा समज होतो. छायाचित्रण हाच ज्यांच्या उपजीविकेचा आधार होता, त्यांच्या हातातील साधनांकडे पाहिले असता मात्र वेगळे चित्र दिसून येते. त्यांना कॅमेरा बदलावा लागला, तरी त्याबरोबर सर्व लेन्स आणि फ्लॅश टाकून देणे परवडणारे नव्हते. यांपैकी काय टिकले, काय निरुपयोगी ठरले आणि त्याची कारणे कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात छायाचित्रणाची परंपरा जुनी आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या काळातील नामवंत छायाचित्रकार होत. ही कला पुढे शहरातून तालुक्याच्या गावी पोहोचली आणि तेथे तिला स्टुडिओचे रूप आले.

गडब हे पेण तालुक्यातील, मुंबई-गोवा महामार्गावर वडखळच्या दक्षिणेस असलेले गाव आहे. आगरी वस्तीच्या या पट्ट्यात लग्न, साखरपुडा, गणेशोत्सव आणि शाळेची वार्षिक छायाचित्रे हे छायाचित्रकाराच्या कामाचे मुख्य प्रसंग होत. त्यांतही हळदीचा समारंभ रात्री रंगतो. मांडवात जागा अपुरी आणि माणसे पुष्कळ असतात. त्यामुळे मोठ्या समूहाला सामावून घेणारी वाइड लेन्स आणि भरवशाचा फ्लॅश या दोन गोष्टींवाचून हे काम होत नाही. पुढील विवेचनात ही गरज ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

कृष्णधवल छायाचित्रणाच्या काळात स्टुडिओचा मालक आपल्याच डार्करूममध्ये फिल्म धुऊन प्रिंट काढू शकत असे. उटी येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची 'इंदू' ही फिल्म देशातच तयार होत होती. रंगीत फिल्म आल्यावर ही स्वायत्तता कमी झाली. १९७२ मध्ये आलेल्या सी-४१ प्रक्रियेत रसायनाचे तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअसवर काटेकोरपणे राखावे लागते. परिणामी यंत्रसज्ज लॅबवर अवलंबून राहणे भाग पडले. डिजिटल तंत्राने संगणकाच्या रूपाने हे काम पुन्हा स्टुडिओत आणले, हे त्याच्या स्वीकारामागील एक महत्त्वाचे कारण मानता येईल.

लेन्सचे सातत्य

निकॉनने १९९९ मध्ये डी१ हा डिजिटल कॅमेरा आणला. सामान्य व्यावसायिकाच्या दृष्टीने खरा बदल कॅननच्या ईओएस ३००डी (२००३) आणि निकॉनच्या डी७० (२००४) या सुमारे ६० लाख पिक्सेलच्या कॅमेऱ्यांमुळे घडला. या वेळी कोणती लेन्स कामी येईल, हे छायाचित्रकाराने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणत्या कंपनीचा कॅमेरा घेतला होता, यावर ठरले.

निकॉनने १९५९ मधील एफ माउंट मूलतः कायम ठेवला होता. त्यामुळे १९७७ नंतरच्या हाताने फोकस करण्याच्या लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर बसत असत. मात्र डी७० वर त्या लावल्यास प्रकाशमापक चालत नसे, म्हणून छिद्र आणि शटरगती अंदाजाने ठरवावी लागे. २००५ च्या डी२०० मध्ये अशा लेन्ससह प्रकाशमापनाची सोय झाली. कॅननने मात्र १९८७ मध्ये जुना एफडी माउंट सोडून ईएफ माउंट स्वीकारला होता. एफडी लेन्स माउंटपासून फिल्मपर्यंतच्या ४२ मिलिमीटर अंतरासाठी घडविलेली, तर नव्या कॅमेऱ्यात हे अंतर ४४ मिलिमीटर होते. दोन मिलिमीटरच्या या फरकामुळे साध्या जोडकड्याने ती लेन्स लावली, तरी दूरच्या वस्तूवर फोकस होत नसे.

लेन्स बसली, तरी तिचे काम बदलले. फिल्मची चौकट ३६ × २४ मिलिमीटर असते, तर डी७० चा संवेदक सुमारे २४ × १६ मिलिमीटरचा होता. त्यामुळे ५० मिलिमीटरची लेन्स ७५ मिलिमीटरच्या लेन्सइतकेच दृश्य दाखवू लागली. वधूवरांच्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांस हे सोयीचे होते. परंतु मांडवातील समूहासाठी घेतलेली २८ मिलिमीटरची लेन्स आता ४२ मिलिमीटरसारखी वागू लागली. तिच्यात सारे कुटुंब मावेना आणि मागे सरकण्यास जागा नसे. म्हणून पहिला नवा खर्च वाइड लेन्सवर करणे भाग पडले. कोकणातील दमट पावसाळ्यात काचेवर चढणारी बुरशी ही अडचण तर जुन्या-नव्या सर्वच लेन्सना सारखी होती.

फ्लॅशमधील खंड

लेन्सच्या बाबतीत सातत्य राहिले, तर फ्लॅशच्या बाबतीत खंड पडला. त्याची कारणे दोन होती.

पहिले कारण विजेच्या दाबाचे होय. जुन्या फ्लॅशमध्ये तो पेटविणाऱ्या जोडणीतच मोठा दाब असे. व्हिविटार २८३ च्या आरंभीच्या काही नगांत तो २०० व्होल्टच्या वर जातो. यांत्रिक शटर असलेल्या कॅमेऱ्यास त्यामुळे सहसा अपाय होत नसे. इलेक्ट्रॉनिक परिपथ असलेल्या अनेक डिजिटल कॅमेऱ्यांची सहनशक्ती मात्र याहून पुष्कळ कमी होती. १९९२ च्या आंतरराष्ट्रीय मानकात २४ व्होल्टचा दाब गृहीत धरलेला आहे. जुना फ्लॅश नव्या कॅमेऱ्याच्या हॉट शूवर चढविणे म्हणजे वर्षभराच्या कमाईतून घेतलेला कॅमेरा धोक्यात घालणे होते.

दुसरे कारण प्रकाशमापनाच्या पद्धतीचे होय. फिल्मच्या काळातील टीटीएल फ्लॅश, फिल्मच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश मोजून योग्य क्षणी विझत असे. डिजिटल संवेदकावर काचेची गाळणी असते आणि तिचे परावर्तन फिल्मसारखे नसते. म्हणून आधी क्षीण चमक सोडून प्रकाश मोजण्याची नवी पद्धत कंपन्यांना आणावी लागली. निकॉनचा एसबी-२८ हा फिल्मयुगाच्या अखेरचा प्रगत फ्लॅश, परंतु डी७० वर त्याची टीटीएल सोय निरुपयोगी ठरली.

येथे एक लक्षणीय गोष्ट दिसून येते. टीटीएलच्या आधीच्या पिढीतील, स्वतःच्या अंगावरील संवेदकाने प्रकाश मोजणारी 'ऑटो' पद्धत कॅमेऱ्यावर अवलंबून नव्हती. त्यामुळे दाब सुरक्षित असल्यास ती डिजिटल कॅमेऱ्यावरही पूर्ववत चालली. एसबी-२८ सुद्धा याच पद्धतीने वापरता येई. त्याहून जुने असे गाइड नंबरचे गणितही टिकले. ३२ गाइड नंबरचा फ्लॅश आणि चार मीटर अंतर असल्यास छिद्र एफ ८, हा हिशेब माध्यमावर अवलंबून नाही. अर्थात कॅमेऱ्याशी अधिक घट्ट जोडलेले नवे तंत्र आधी बाद झाले आणि स्वतंत्र असलेले जुने तंत्र पुढे गेले.

तथापि हे ज्ञान जसेच्या तसे पुरेसे नव्हते. रंगीत निगेटिव्ह जास्त प्रकाश बऱ्याच अंशी सहन करते आणि उरलेली चूक लॅबमधील प्रिंट काढणारा सावरून घेत असे. डिजिटल चित्रात पांढऱ्या सदऱ्यावरील किंवा शुभ्र फुलांवरील तपशील एकदा जळाला की तो परत मिळत नाही. त्याच्या मोबदल्यात कॅमेऱ्याच्या पडद्यावर चूक तत्काळ दिसू लागली आणि छत्तीस चौकटींच्या रोलची मर्यादाही संपली.

उत्तरार्ध

जानेवारी २००४ मध्ये कोडॅकने अमेरिका, कॅनडा व पश्चिम युरोपात फिल्म कॅमेऱ्यांची विक्री थांबविण्याचे जाहीर केले, परंतु भारतासारख्या देशांत ती चालू ठेवण्याचे ठरविले. जानेवारी २००६ मध्ये निकॉनने बहुतेक फिल्म कॅमेऱ्यांचे उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. दरम्यान २००८ नंतर आरसा नसलेले कॅमेरे आले. त्यांत माउंट व संवेदक यांतील अंतर सुमारे २० मिलिमीटर किंवा त्याहून कमी असल्याने जोडकड्यास पुरेशी जागा मिळाली आणि १९८७ मध्ये मागे पडलेल्या एफडी लेन्सही पुन्हा वापरात येऊ शकल्या.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, फिल्मकडून डिजिटलकडे झालेले स्थित्यंतर ही एकच घटना नव्हती. लेन्स, फ्लॅश, प्रक्रिया आणि कौशल्य यांचे बदल वेगवेगळ्या गतीने झाले. त्यांचा भार ज्याने त्यापूर्वी जे साधन घेतले होते, त्यानुसार कमी-अधिक पडला. मोठ्या शहरातील व्यावसायिकास जो बदल केवळ सोयीचा होता, तो तालुक्यातील स्टुडिओस संपूर्ण भांडवलाचा प्रश्न होता.

या स्थित्यंतराची साधने आता नाहीशी होत आहेत. जुने फ्लॅश भंगारात जातात, दमट हवेत निगेटिव्ह चिकटतात आणि डिजिटल काळाच्या आरंभी सीडीवर साठविलेली छायाचित्रे वाचता येतीलच याची खात्री उरलेली नाही. गावातील लग्ने, घरे, वेशभूषा, महामार्गालगतची शेते आणि खाजणे यांचा दृश्य पुरावा याच साठ्यात आहे. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी पेण-रोहा परिसरातील जुन्या स्टुडिओचालकांच्या मुलाखती घेऊन त्यांच्याकडील निगेटिव्ह व उपकरणे यांची सूची केल्यास, दस्तऐवजांत न आढळणारा एक महत्त्वाचा इतिहास जतन होईल. ज्यांना छिद्र आणि अंतर यांचा हिशेब तोंडपाठ होता, ती पिढी आज वृद्ध झाली आहे. म्हणून हे काम प्राधान्याने हाती घेणे अगत्याचे आहे.