कर्ज, धरण आणि एका विद्यार्थ्याची वही

निवृत्तीनंतर इतिहासाच्या मास्तराला एक खोड लागते. आपण वर्गात जे शिकवलं ते पुन्हा तपासून बघायची. मलाही ती लागली आहे. आज त्यातलीच एक गोष्ट.

१९८६ साल असेल. मी तेव्हा धुळे जिल्ह्यात माध्यमिक शाळेत होतो. (नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ साली.) नववीला निबंध दिला होता, 'धरणे : देशाचे वरदान'. अक्राणीकडून आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलाने जेमतेम अर्धं पान लिहिलं. नर्मदेवर मोठं धरण होणार, त्यात आमचं गाव बुडणार, मग आम्ही कुठे जायचं ते कोणी सांगत नाही, एवढंच. मी लाल शाईने शेरा मारला : 'विषयाला धरून नाही'. दहापैकी तीन गुण.

ते धरण म्हणजे सरदार सरोवर. जागतिक बँकेने १९८५ मध्ये त्यासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. गंमत म्हणजे तेव्हा आपल्याच पर्यावरण खात्याची मंजुरी प्रकल्पाला मिळालेली नव्हती. ती १९८७ मध्ये मिळाली, तीही अटींवर. जंगल, मासे, पाणलोट, आरोग्य यांचे अभ्यास बांधकाम चालू असतानाच पुरे करायचे होते. म्हणजे लग्न आधी लावायचं आणि पत्रिका नंतर बघायची!

बँकेला पर्यावरण ठाऊकच नव्हतं असं नाही. १९७० पासून तिच्याकडे पर्यावरणाचा सल्लागार होता. १९७२ मध्ये स्टॉकहोमला पर्यावरणावर जागतिक परिषद झाली, इंदिरा गांधी तिथे बोलल्या. पण कर्ज मंजूर करणारे एका खोलीत आणि जंगलाची काळजी करणारे दुसऱ्या खोलीत, अशी व्यवस्था होती. पहिला मोठा चटका ब्राझीलमध्ये बसला. ॲमेझॉनच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्याला बँकेने पैसा दिला, रस्त्यामागोमाग वसाहती आल्या आणि जंगल साफ होत गेलं. १९८५ मध्ये बँकेला हप्ते थांबवावे लागले. १९८७ मध्ये बँकेचे अध्यक्ष बार्बर कोनेबल यांनी चूक जाहीरपणे मान्य केली आणि स्वतंत्र पर्यावरण विभाग काढला. १९८९ मध्ये नियम झाला, की प्रकल्पाचा पर्यावरणावरील परिणाम आधी तपासायचा.

आपल्या नर्मदेचं कर्ज मात्र त्या नियमाआधीचं. नर्मदा बचाओ आंदोलनाचा आवाज परदेशात पोचला तेव्हा बँकेने १९९१ मध्ये एक स्वतंत्र समिती नेमली. ब्रॅडफोर्ड मोर्स अध्यक्ष, कॅनडाचे माजी न्यायाधीश थॉमस बर्जर उपाध्यक्ष. जून १९९२ मध्ये, रिओची वसुंधरा परिषद झाली त्याच महिन्यात, त्यांचा अहवाल आला. किती लोक उठणार याचा नीट हिशोब नाही, त्यांना विचारलेलं नाही, पर्यावरणाचे अभ्यास अपुरे आहेत; तेव्हा बँकेने एक पाऊल मागे घ्यावं, असा त्याचा सारांश.

हा सारांश मी वाचला आणि मला ती वही आठवली. मुलाने अर्ध्या पानात जे विचारलं होतं, तेच मोठमोठ्या माणसांनी शेकडो पानांत विचारलं होतं.

ऑक्टोबर १९९२ मध्ये बँकेच्या संचालकांनी बहुमताने, अटी घालून, कर्ज चालू ठेवलं. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनेच उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. धरण थांबलं नाही. त्याच पावसाळ्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीत पाणी शिरलं. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडिताखाली. तिथल्या लोकांना वसवायला तळोद्याकडची जंगलजमीन मोकळी केली. एक जंगल पाण्यात गेलं आणि दुसरं पुनर्वसनात!

दुसरी बाजूही सांगायला हवी. कालव्यांचं पाणी सौराष्ट्र-कच्छपर्यंत गेलं. हंड्यासाठी मैलभर चालणाऱ्या बायकांना त्याचं मोल विचारा. धरण नकोच होतं असं माझं म्हणणं नाही. किंमत कोण मोजणार हे आधी विचारायला हवं होतं, इतकंच.

त्या प्रकरणातून एक गोष्ट मात्र टिकली. सप्टेंबर १९९३ मध्ये जागतिक बँकेने तपासणी मंडळ स्थापन केलं. बँकेच्या पैशातल्या प्रकल्पाची झळ बसलेली माणसं तिथे थेट तक्रार करू शकतात. पुढे आशियाई विकास बँकेनेही तशी सोय केली. आज जगभर कुठे कोणी अशी तक्रार गुदरतो, त्यामागे सातपुड्यातल्या माणसांचे कष्ट आहेत. हे आपल्या पाठ्यपुस्तकात मी शिकवलं नाही, कारण ते त्यात नव्हतं.

आता हवामानबदलाच्या नावाने पैसा येतो. २०२३ मध्ये जागतिक बँकेने आपल्या वार्षिक कर्जापैकी ४५ टक्के त्यासाठी देण्याचं ठरवलं. चांगलंच आहे. पण सौरऊर्जेच्या प्रकल्पालाही जमीन लागते, पवनचक्कीलाही लागते, आणि त्या जमिनीवर कोणाची तरी गुरं चरत असतात. कामाचं नाव हिरवं असलं म्हणून पहिला प्रश्न चुकत नाही.

तो मुलगा आज पन्नाशीच्या पुढे असेल. दहावीनंतर त्याची माझी गाठ पडली नाही. कुठल्या वसाहतीत गेला, शेत मिळालं की नाही, मला माहीत नाही. निबंध विषयाला धरूनच होता, हे त्याला सांगायचं राहून गेलं.